जामीनदार

(गावच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांची सही आमच्या घरी एका कागदावर आहे. माझे वडील, तात्या, १९७५ साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. वय सदतीस. बरोबर काळी ट्रंक, डिस्चार्ज बुक आणि एकच इच्छा: कुडाच्या भिंती पाडून विटांच्या दोन खोल्या बांधायच्या. तालुक्याच्या एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी पगारपत्रक मागितलं. तात्यांनी पेन्शनीचं पुस्तक पुढं केलं. साहेब म्हणाले, पेन्शनीवर एवढं कर्ज बसत नाही, दोन पगारदार जामीनदार आणा. आता तात्यांची ओळखीची माणसं सगळी पलटणीतली, कुणी जालंधरला, कुणी जोरहाटला. सतरा वर्षं जो माणूस गावात सुटीपुरता आला, त्याला गावात जामीन कोण राहणार? गुरुजी राहिले. त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकालाही गळ घातली आणि खोल्या उभ्या राहिल्या.

आयोजकांनी मला ‘सैनिक आणि समाज’ असा मोठा विषय दिला होता. मी त्यातला एवढाच तुकडा उचलतो: फौजेतून परत आलेल्या माणसाला कोण जामीन राहतं, आणि त्या जामिनाचा त्याला खरोखर उपयोग होतो का. यासाठी मी तुम्हांला थोडा वेळ अमेरिकेत नेणार आहे. शिकायला पैसे आणि घराला कर्ज हा परतलेल्या सैनिकाचा हक्क आहे, असं एका राष्ट्रानं लेखी मान्य केलं, अमलात आणलं आणि त्यात चुकाही केल्या. तो सगळा हिशेब आपल्यापुढं उघडा पडलेला आहे. म्हणून तिकडं जायचं.

सुरुवात एका वाईट गोष्टीपासून होते. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांना १९२४च्या कायद्यानं बोनस कबूल झाला. मायदेशातल्या सेवेच्या दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या दिवसाला सव्वा डॉलर. पण हातात पैसे मिळाले नाहीत, एक प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याची मुदत भरायची होती १९४५ साली. मध्येच महामंदी आली. कामधंदा गेलेले हजारो माजी सैनिक १९३२च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह वॉशिंग्टनला आले आणि ॲनाकोस्टिया नदीकाठी पत्र्यांच्या, पुठ्ठ्यांच्या झोपड्या घालून राहिले. मागणी एकच होती, कबूल केलेला पैसा आज द्या, पोरं उपाशी आहेत. २८ जुलै १९३२ला राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी लष्कर पाठवलं. जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हाताखाली घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर आला. रात्री झोपड्या पेटल्या. ज्यांनी त्याच देशाचा गणवेश घालून फ्रान्समध्ये लढाई केली होती, त्यांच्यावर त्याच देशाचे गणवेशातले जवान चालून गेले. तो धूर अमेरिकेच्या मनातून पुढची बारा वर्षं गेला नाही.

म्हणून दुसरं महायुद्ध अजून चालू असतानाच विचार सुरू झाला. १ कोटी ६० लाख माणसं युद्धात गणवेश चढवणार, आणि ती एका-दोन वर्षांत घरी येणार. आल्यावर करणार काय? हॅरी कोल्मरी नावाचे कॅन्ससचे एक वकील होते. ते ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे माजी प्रमुख, आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वतः गणवेश घातलेला. १९४३च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर, त्यांनी हातानं मसुदा लिहून काढला. कायदे बहुधा समित्यांमधून येतात. हा एका माजी सैनिकाच्या लेखणीतून उतरला आणि त्यामुळे त्यात एक गोष्ट शिरली, जी मला फार मोलाची वाटते: सैनिकाला काय द्यायचं हे ठरवताना त्याला काय हवं असेल, याचा विचार आधी झाला.

ते विधेयक शेवटच्या पायरीवर अडकलं होतं. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत कनिष्ठ सभागृहाच्या प्रतिनिधींमध्ये तीन विरुद्ध तीन अशी कोंडी झाली. सातवे सभासद जॉन गिब्सन आजारी, घरी जॉर्जियात. त्यांचं मत दुसऱ्याकरवी घ्यायला कनिष्ठ सभागृहाच्या सैनिकविषयक समितीचे अध्यक्ष तयार नव्हते. तेव्हा रात्रीतून त्यांना शोधून काढलं, पोलिसांच्या सोबतीनं मोटारीतून पावसात जॅक्सनव्हिलला नेलं, तिथून विमानानं वॉशिंग्टनला आणलं, आणि १० जूनच्या सकाळी त्यांच्या मतानं कोंडी फुटली. २२ जून १९४४ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. जग त्याला ‘जी. आय. बिल’ म्हणतं.

त्यात होतं काय? किमान नव्वद दिवस सेवा केलेला आणि बेअब्रू होऊन न निघालेला कुणीही माजी सैनिक पात्र. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार. तेव्हा हार्वर्डचीसुद्धा वर्षाची फी त्यात बसायची. शिवाय राहण्या-खाण्याला दरमहा ५० डॉलर, आणि घरात अवलंबून असणारं कुणी असेल तर ७५. काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. आणि घर, शेती किंवा धंद्यासाठी कर्ज काढलं तर त्याच्या निम्म्या रकमेला, २,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत, सरकार जामीन. पुढच्याच वर्षी घरासाठी ही मर्यादा ४,००० झाली. व्याज चार टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही.

हा ‘जामीन’ शब्द नीट पाहा. सरकारनं घरं बांधून वाटली नाहीत, कर्जही स्वतः दिलं नाही. पैसा बँकेचा. पण सैनिकाचा हप्ता थकला तर तेवढा भाग सरकार भरून देणार, असं बँकेला लिहून दिलं. त्यामुळे बँकेला धास्ती उरली नाही, आणि ज्याच्याजवळ सुरुवातीला भरायला छदाम नव्हता त्याच्याही नावावर घर झालं. जे काम आमच्या तात्यांसाठी गुरुजींनी सही करून केलं, ते तिथं राष्ट्रानं केलं. १९५२पर्यंत अशी सुमारे २४ लाख घरकर्जं दिली गेली.

शिक्षणाच्या कलमावर मोठमोठ्या लोकांचा विश्वास नव्हता. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी लेख लिहून इशारा दिला की विद्यापीठं भटक्या बेकारांचे अड्डे होतील. हार्वर्डचे प्रमुख जेम्स कोनंट यांनाही शंका होती. मग हे सैनिक आले. पंचविशीचे, तिशीचे, काही दोन पोरांचे बाप. अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकी कॉलेजांच्या आवारात उभ्या करून त्यांत बिऱ्हाडं थाटली. दोऱ्यांवर लंगोट वाळत आणि आत बाप भौतिकशास्त्राचा अभ्यास करत बसलेला. १९४७ साली अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे या माजी सैनिकांचे होते. मुदत १९५६मध्ये संपली तोवर ७८ लाखांनी शिक्षणाचा लाभ घेतला. त्यातले २२ लाख कॉलेजात, ३५ लाख निरनिराळ्या धंदेशिक्षणाच्या शाळांत, आणि बाकीचे कारखान्यात किंवा शेतावर काम करता करता शिकले. कोनंट यांनी आपली शंका मागं घेतली आणि हे हार्वर्डचे उत्तम विद्यार्थी आहेत असं मोकळेपणानं मान्य केलं. ज्या बेकारभत्त्याची लोकांना सगळ्यात जास्त भीती होती, त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाचा पाचवा हिस्सासुद्धा खर्च झाला नाही. काम आणि शाळा मिळाली तर माणूस भत्त्याच्या रांगेत उभा राहत नाही.

इथवर ऐकून वाटेल, मग सगळं सोनंच झालं. नाही झालं. आज मला खरं बोलायचं आहे ते यापुढंच.

समितीचे जे अध्यक्ष गिब्सन यांचं मत परभारे घ्यायला तयार नव्हते, ते मिसिसिपीचे जॉन रँकिन. बेकारभत्ता काळ्या सैनिकांच्याही हाती पडेल याची त्यांना धास्ती होती. कायद्याच्या शब्दांत रंगाचा उल्लेख कुठंच नाही. पण अंमलबजावणी स्थानिक हातांत राहावी याची काळजी त्यांनी आणि त्यांच्यासारख्या दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी घेतली. सरकार जामीन राहिलं खरं, पण कुणाला कर्ज द्यायचं ते बँकच ठरवणार होती. फी सरकार भरणार होतं, पण प्रवेश कुणाला द्यायचा ते कॉलेजच ठरवणार होतं.

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे अमेरिकन गणवेशात होते. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली. सरकारी जामिनावर दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या माजी सैनिकांना मिळाली होती दोन. दोनशे नव्हेत, दोन. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छापताना चूक झाली असेल असं वाटून पुन्हा शोधायला गेलो. चूक नव्हती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७पासून बटाट्याच्या शेतांवर ‘लेव्हिटाउन’ नावाची वसाहत उठली. १७ हजारांहून अधिक घरं, आणि घेणारे मुख्यतः माजी सैनिक. तिथल्या करारातच कलम होतं की गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. म्हणजे हातात त्याच कायद्याचं पात्रतापत्र, सेवा तीच, आणि दार बंद.

मेडगर एव्हर्स यांचं उदाहरण घ्या. नॉर्मंडीच्या मोहिमेत होते. १९४६ साली आपल्या गावी मत द्यायला गेले तर शस्त्रधारी गोऱ्यांनी परत पाठवलं. याच कायद्याच्या आधारावर ते काळ्यांसाठीच्या अल्कॉर्न कॉलेजात शिकले. पुढं मिसिसिपी विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला, तो १९५४मध्ये नाकारला गेला. नागरी हक्कांच्या लढ्यात १९६३ साली त्यांचा खून झाला. दुसरे जोसेफ मॅडॉक्स. त्यांना हार्वर्डनं प्रवेश दिला होता. फी भरायची ती सरकारी कचेरी मात्र नाही म्हणाली, का, तर पायंडा पडेल. मॅडॉक्स यांच्या आणि दुसऱ्या एका सैनिकाच्या नावानं, काळ्या सैनिकांच्या वारसांना तो हुकलेला लाभ द्यावा असं विधेयक २०२१ साली अमेरिकन संसदेत मांडलं गेलं. पंचाहत्तर वर्षांनी! घर आजोबांना मिळालं असतं तर ते नातवाकडं आलं असतं. नाकारलेलं कर्ज एका माणसाचं नसतं, हे त्यांना आता मोजावं लागतंय.

मला यातून जे दिसतं ते असं. सरकारनं दिलेला जामीन बँकेच्या हातात होता, सैनिकाच्या नव्हता. बँकेला तो वापरायची मुभा होती, सक्ती नव्हती. अमेरिकेनं शिक्षणाच्या बाबतीत हे थोडंफार दुरुस्त केलं. पहिल्या कायद्यात पैसा थेट संस्थेला जायचा, म्हणून पैशाच्या वासानं नुसत्या पाट्या लावलेल्या शाळा रातोरात निघाल्या. संसदेनं चौकशी केली आणि कोरियाच्या युद्धादरम्यान १९५२च्या कायद्यात पैसे सैनिकाच्याच हाती द्यायला सुरुवात केली. पुढं २००८ साली नवा कायदा आला, त्यात ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा हक्क बायकोच्या किंवा मुलांच्या नावे करायचीही सोय झाली. २०१७च्या दुरुस्तीनं अलीकडच्या सैनिकांसाठी पंधरा वर्षांची मुदत काढून टाकली. पन्नाशीतही शिकायला जाता येतं. त्या दुरुस्तीला नाव दिलं कोल्मरींचं.

आता घरी येऊ.

रूझवेल्ट यांच्या सहीनंतर अठरा दिवसांनी, १० जुलै १९४४ला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, वय बावीस. तुकडीतले बाकीचे सगळे पडले होते. त्यांनी ठाणं घेतलं आणि तिथंच त्यांना गोळ्या लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीनं स्वीकारला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच इटलीत सेनिओ नदीवर नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं, तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्याच आघाडीवर अमेरिकन पलटणीही होत्या. त्या पलटणीतल्या जवानाला घरी गेल्यावर विचारणार होते, काय शिकतोस? आपल्या पंचवीस लाखांच्या स्वयंसेवक सैन्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांच्यासाठी युद्धोत्तर पुनर्रचना निधी निघाला, लढाऊ शिपायामागं महिन्याला दोन रुपये आणि बिगरलढाऊमागं एक. तोही माणसाच्या हातात न देता एकत्र ठेवून सामुदायिक कामांसाठी. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावरचे नौसैनिक उठले, तेव्हा निकस जेवण आणि शिवीगाळ यांच्याविरुद्धच्या तक्रारींच्या बरोबरीनं त्यांच्या मागण्यांत हेही होतं: आम्हांला लवकर मोकळं करा, आणि बाहेर पडल्यावर कामाची सोय करा. शाळेच्या इतिहासात हे शेवटचं वाक्य बहुधा गळतं.

स्वातंत्र्यानंतर आपण काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. पेन्शन आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, मुलांची वसतिगृहं आहेत. अशाच एका वसतिगृहात राहून मी शिकलो. प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आहे, २०१९पासून मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून घरकर्जावरच्या व्याजाचा निम्मा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतो. पण नीट पाहा. शिष्यवृत्ती मुलांना आणि विधवांना. व्याजाची सवलत हुतात्म्यांच्या घरच्यांना आणि सेवेत अपंगत्व आलेल्यांना. त्यांना ती मिळायलाच हवी. पण जो धडधाकट, सदतीस वर्षांचा माणूस ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरतो, त्याचं काय? तात्या पलटणीत वायरलेसवर होते. अंधारात, पावसात, हातानं चाचपून सेट दुरुस्त करणारा माणूस. परत आल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं रीतसर शिक्षण घ्यायचं ठरवलं. एका संस्थेत चौकशीला गेले, तर तिथं त्यांच्यापुढं मुलासाठीचा फॉर्म ठेवला. घरी येऊन आईला म्हणाले, “सवलत पोराला हाय, बाला न्हाय.” मग त्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर बावीस वर्षं चौकीदारी केली. मी शिकलो. पण ते शिकले असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. गावातला रेडिओ बिघडला की लोक तात्यांकडेच आणायचे, आणि ते पैसे घ्यायचे नाहीत, कारण ‘आपल्यापाशी सर्टिफिकेट न्हाय.’

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे काळ बदलला आहे. २०२२पासून अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांपासूनची तरुण पोरं ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी भरती होतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे परत. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून पुरी व्हायला लागतात. त्यांना पेन्शन नाही. सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये व्याजासह, करमुक्त, एकदम हाती येतात. योजनेच्या बऱ्यावाईटावर आज मी बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. पण बाविशी-तेविशीतला, हातात एकरकमी पैसा असलेला, पुढं चाळीस वर्षं काम करायची असलेला माजी सैनिक आपल्या गावांत यापूर्वी कधी आलाच नव्हता. तो १९४५च्या अमेरिकन पोराचा सख्खा भाऊ आहे.

आणि त्या पैशाचं काय होणार हे या मांडवातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. बहिणीचं लग्न आहे. बोअर मारायचा आहे. वाटणीत घर भावाकडं गेलं, दोन खोल्या बांधायच्या आहेत. यातली एकही गोष्ट वावगी नाही. पण १९२४च्या कायद्यानं रोख कबूल केली आणि ती वेळेवर हाती आली नाही, १९४४च्या कायद्यानं शाळेची फी आणि घराचा जामीन दिला आणि पिढी उभी राहिली, हे आपल्यासमोर आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं अग्निवीरांसाठी पदवी ठेवली आहे, सेवेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरून. चांगली सुरुवात आहे. पण ज्याला सर्वेक्षण शिकायचंय, नर्सिंग करायचंय, यंत्रशाळेत जायचंय, त्याची फी सेवा निधीतून का जावी? ती राज्यानं भरावी. आणि त्याच्या पहिल्या घरकर्जाला शासनानं जामीन राहावं. मिसिसिपीचा धडा लक्षात ठेवून त्यात एक कलम घालावं: कर्ज नाकारायचं असेल तर बँकेनं कारण लेखी द्यावं, आणि त्या कागदावर दाद मागायची जागा जिल्ह्यातच असावी. नाहीतर चौकशीला गेलेल्या पोराला पुन्हा ‘दोन पगारदार आणा’ एवढंच ऐकू येईल, आणि गावात आता तितके गुरुजी राहिलेले नाहीत.

आपल्या गावातून अकरा पोरं अग्निवीर म्हणून गेलेली आहेत. त्यातल्या सहांच्या घरी मी या महिन्यात जाऊन आलो, तिघांशी फोनवर बोललो. प्रत्येकाला एकच विचारलं: परत आलास तर काय शिकशील? एकजण लगेच म्हणाला, ड्रोन उडवायला शिकलोय, शेतीच्या फवारणीचं रीतसर शिकायचंय. एकाला शिक्षक व्हायचंय. एक बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सर, असं कुणी विचारलंच नव्हतं, दोन दिवसांनी सांगू का? त्यानं दोन दिवसांनी फोन केला. त्याला परिचारक व्हायचंय.

ही नावं आणि त्यांच्यापुढं लिहिलेलं शिक्षण मी सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडं घेऊन जाणार आहे. दोन नावांपुढची जागा अजून कोरी आहे. मांडवाच्या मागच्या बाजूला टेबलावर वही ठेवली आहे, पेनही आहे. त्या दोन घरची कुणी मंडळी इथं असतील, किंवा शेजारच्या गावातलं कुणी असेल, तर जाण्याआधी तिथं लिहून जावं.